माझा अर्धा तास, माझे कान

परवा दूध उतू गेलं. तसं ते आमच्याकडे महिन्यातून एकदा जातंच. पण त्या दिवशी माझ्या डोक्यावर हेडफोन होता. झालं! ओट्यावरून दूध खाली आलं, शेगडी विझली, सासूबाई बाहेरच्या खोलीतून चार हाका मारून थकल्या आणि शेवटी लेकीने येऊन माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा मी भानावर आले. दिवसभर मग एकच विषय, "ते कानातलं काढून टाक आधी."

खरं सांगू का, चूक माझी होती. गॅस चालू असताना दोन्ही कान झाकून उभं राहायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. पण हेडफोन मात्र मी टाकला नाही. कारण तो घेण्यासाठी मला बेचाळीस वर्षं लागली होती!

लग्नाआधी मी गाणं शिकत होते. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत मध्यमेपर्यंत पोचले होते. मग लग्न, बदल्या, मुलं, आजारपणं... तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाणं म्हणणं तर सुटलंच, पण गाणं ऐकणंही कधी सुटलं ते कळलं नाही. घरात टीव्ही असतो, तो सासऱ्यांच्या बातम्यांचा आणि सासूबाईंच्या मालिकांचा. मोबाइलचा स्पीकर लावला, की लेकीच्या अभ्यासात व्यत्यय. मग स्वयंपाक करताना कुकरच्या शिट्टीआड, मिक्सरच्या घरघरीत जे काय ऐकू येईल ते आपलं गाणं. तुमच्याकडेही असंच असेल, नाही का?

गेल्या भाऊबीजेला भावाने ओवाळणीत पाकीट घातलं आणि म्हणाला, "ताई, या वेळी कुकर, मिक्सर काही घ्यायचं नाही. स्वतःसाठी काहीतरी घे." मी ठरवलं, हेडफोन घ्यायचा. चांगला, कान झाकणारा. आणि मग सुरू झाली माझी शोधाशोध. त्यात मी एकदा सपशेल फसले, बरंच शिकले. ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेखप्रपंच.

आधी फसले कशी, ते ऐका

बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले. काचेच्या कपाटात चकचकीत खोकी रचलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, हा घ्या. कंपनीचा आहे. बेस असला भारी, की काच हादरेल." सहाशे रुपये. मला काय, काच थोडीच हादरवायची होती? पण विचारणार काय, मला काही माहीतच नव्हतं. घेतला. पावती मागितली नाही, तीही चूकच.

घरी येऊन आवडतं भावगीत लावलं, तर बाई मोठ्या पिंपात तोंड घालून गाताहेत असं वाटलं. नुसतं धम् धम्. शब्द कळेनात. वीस मिनिटांत कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या. खोक्यावरचं नाव नीट वाचलं, तर नावाजलेल्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं! महिन्याभरात डावा कान मुका झाला. पावती नाही म्हटल्यावर दुकानदाराने हात वर केले.

मग मात्र मी पदर खोचला. शहरात राहणारा भाचा रेकॉर्डिंगच्या कामात आहे, त्याला तासन् तास फोनवर पिडलं. हळूहळू गोष्टी उलगडत गेल्या.

'बंद पाठीचा' म्हणजे काय?

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक छोटा स्पीकर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचा पातळ पडदा पुढे-मागे हलतो आणि आवाज तयार होतो. तो आवाज जसा कानाकडे जातो, तसाच पाठीमागेही जातो. आता वाटीची पाठ जाळीची, उघडी असेल, तर मागचा आवाज बाहेर पडतो. त्याला म्हणतात ओपन बॅक. अशा हेडफोनवर गाणं मोकळं, ऐसपैस वाटतं. पण शेजारी बसलेल्यालाही ते ऐकू येतं आणि घरातला सगळा गलका तुमच्या कानात येतो. शांत, स्वतंत्र खोली असेल त्याने तो घ्यावा. आपल्यापैकी कितीजणींकडे अशी खोली आहे?

वाटीची पाठ बंद असेल तर तो क्लोज्ड बॅक, म्हणजे बंद पाठीचा. यात आवाज बाहेर फारसा जात नाही आणि बाहेरचा आतही कमी येतो. रात्री शेजारी मूल झोपलंय, समोर सासरे पेपर वाचताहेत, लेक अभ्यास करतेय, तरी तुम्ही ऐकू शकता. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, एसटीच्या प्रवासात हाच सोयीचा. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक हेडफोन याच प्रकारचे असतात, त्यामुळे शोधायला लांब जावं लागत नाही.

याचा तोटा? स्वस्तात केलेली बंद वाटी डब्यासारखी घुमते. माझं पिंप झालं ते त्यामुळेच. आणि उन्हाळ्यात कानाला घाम येतो. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका.

एक गंमत सांगते. हेडफोनचा जन्म चक्क स्वयंपाकघरातला आहे! अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने १९१०च्या सुमाराला आपल्या घरातल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकी नौदलाने घेतले. तेव्हा ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी होते. गाणी ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन आणला तो जॉन कॉस यांनी, १९५८मध्ये. आणि १९७९मध्ये जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला, तेव्हा हलका हेडफोन घालून रस्त्याने चालता चालता गाणं ऐकायची सवय जगाला लागली. तर स्वयंपाकघरात जन्मलेली वस्तू स्वयंपाकघरातल्या बाईपर्यंत पोचायला शंभर वर्षं लागली म्हणायची!

कानावर की कानाभोवती?

बंद पाठीच्या हेडफोनचे पुन्हा दोन प्रकार. एक कानावर टेकणारा, त्याला ऑन इयर म्हणतात. हा आकाराने लहान, हलका, स्वस्त, घडी करून पर्समध्ये मावणारा. पण त्याची गादी कानाच्या पाळीवर दाबून बसते. कुड्या, झुमके, वेल घातले असतील तर अर्ध्या तासात पाळी लाल होते. कानातल्याची मळसुत्री मागून मानेत टोचते ते वेगळंच.

दुसरा कानाभोवती बसणारा, म्हणजे ओव्हर इयर. याची वाटी मोठी, अख्खा कान तिच्या आत जातो आणि गादी डोक्याला टेकते. कान मोकळा राहतो, दुखत नाही. बाहेरचा आवाजही हाच जास्त अडवतो. रोज तासभर ऐकायचं असेल तर हाच घ्या, असं मी म्हणेन. साध्या खड्याच्या कुड्या असल्या तर चालतात, मोठे झुमके मात्र काढूनच ठेवायचे.

बायकांना आणखी दोन अडचणी येतात, त्या कुठल्याही खोक्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली म्हणजे केस. अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर पट्टी नीट बसत नाही. पट्टी टाळूवर, अंबाड्याच्या पुढे आली पाहिजे. दुसरी म्हणजे चष्मा. चष्म्याची काडी गादीखाली आली, की तिथे फट पडते आणि त्या फटीतून खालचे, खर्जातले सूर निघून जातात. तबल्याचा डग्गा एकदम पोकळ वाटायला लागतो. दोष हेडफोनचा नसतो, फटीचा असतो. म्हणून चष्मा लावणाऱ्यांनी मऊ, जाड गादीचा हेडफोन बघावा आणि दुकानात चष्मा घालूनच तो डोक्यावर चढवून बघावा.

वजनही बघा. दोनशे ते अडीचशे ग्रॅम ठीक. तीनशेच्या वर गेलं, की ज्यांना मानेचा त्रास आहे त्यांना तासाभरात जाणवतं.

वायर की बिनवायर?

आजकाल सगळे ब्लूटूथच्या मागे आहेत. सोय आहेच. वायर कुकरच्या हँडलला अडकत नाही, मंगळसूत्रात गुंतत नाही, फोन एका खोलीत आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत कपडे घड्या घालत बसू शकता. पण त्याच पैशांत वायरवाल्याचा आवाज बहुधा जास्त चांगला मिळतो. कारण बिनवायरमध्ये तुमचे पैसे बॅटरी, ब्लूटूथची चिप, माइक अशा बऱ्याच गोष्टींत वाटले जातात. वायरवाल्यात ते बहुतांशी आवाजातच जातात.

शिवाय बॅटरी ही संपणारी वस्तू. दोन-तीन वर्षांत ती दमते, आणि स्वस्त हेडफोनची बॅटरी बदलून मिळणं कठीणच. म्हणून ब्लूटूथचा घेणार असाल, तर त्याला वायर लावायचं भोक आहे ना, हे विचारून घ्या. बॅटरी गेली तरी बहुतेक वेळा तो वायरीवर चालतो.

बिनवायरमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. नुसतं गाणं ऐकताना ते कळत नाही. पण मोबाइलवरच्या पेटीच्या अ‍ॅपवर बोटं फिरवाल, तर सूर मागाहून येईल आणि हैराण व्हाल. ऑनलाइन क्लास करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला, की बहुतेक वेळा गाण्याचा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. हेडफोन बिघडलाय असं वाटतं. बिघडलेला नसतो, माइक बंद केला की पूर्ववत होतो.

वायरवाला घेण्यात आता एकच मेख आहे. बऱ्याच नव्या मोबाइलना ती जुनी गोल पिन बसायचं भोकच नसतं. मग टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो. तो अगदी शंभर रुपयांचा घेऊ नका. काही स्वस्त जोड काही फोनवर चालतच नाहीत. 'आत डॅक आहे का?' असं दुकानदाराला विचारा. डॅक म्हणजे मोबाइलमधले आकडे आवाजात बदलणारी चिप. आणि तुमच्याच फोनला लावून, गाणं वाजवून मगच पैसे द्या.

आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे 'नॉइज कॅन्सलिंग'चा. यात छोटे माइक बाहेरचा आवाज ऐकतात आणि त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडून तो पुसून टाकतात. एसटीच्या इंजिनाची घरघर, पंख्याचा घुमारा असे सलग, जाडे आवाज यात छान कमी होतात. भांड्यांचा खणखणाट, बोलणं, शिट्ट्या यांना मात्र बंद वाटी आणि जाड गादीच जास्त अडवते. रोज दोन तास एसटीने नोकरीला जाणाऱ्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजावेत. घरात ऐकणाऱ्यांना त्याची फारशी गरज नाही.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

खोकं म्हणजे लग्नाच्या बायोडेटासारखं असतं. सगळं खरं, पण कामाचं थोडंच!

*ड्रायव्हर ४० मिलिमीटर, ५० मिलिमीटर :* मोठा म्हणजे चांगला असं नाही. कढई मोठी असली म्हणून भाजी चांगली होत नाही, तसंच हे.

*फ्रिक्वेन्सी :* माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ इतकंच ऐकतो, आणि वय वाढेल तशी वरची मर्यादा खाली येते. खोक्यावर ४०,००० लिहिलंय म्हणून जादा पैसे देऊ नका. ते ऐकायला वटवाघूळ व्हावं लागेल.

*इम्पिडन्स, म्हणजे ओहम :* हा आकडा मात्र बघाच. मोबाइलवर ऐकायचं असेल तर १६ ते ५० ओहमच्या दरम्यानचा बरा. स्टुडिओसाठीचे काही हेडफोन २५० ओहमचे असतात. ते मोबाइलला लावले तर आवाज अगदी बारीक येतो, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. कधी कधी एकच मॉडेल दोन-तीन वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये निघाला आहे. म्हणून नुसतं नाव बघून मागवू नका.

*एक्स्ट्रा बेस, मेगा बेस :* ज्यांना डीजेची गाणी आवडतात त्यांच्यासाठी ठीक. भावगीतं, अभंग, नाट्यगीतं, जुनी सिनेमातली गाणी ऐकणाऱ्यांनी यापासून लांब राहावं. आपल्या गाण्यात जीव असतो तो गळ्यात आणि शब्दांत. बेस वाढवला की तो त्याखाली दबतो.

दुकानात गेल्यावर

दुसऱ्या खेपेला मी तयारीने गेले. मोबाइलमध्ये तीन गाणी घेऊन. तुम्हीही तसंच करा. लहानपणापासून पाठ असलेली गाणी घ्या, म्हणजे काय ऐकू यायला हवं ते तुम्हाला ठाऊक असतं.

पहिलं, एका गळ्याचं, कमी वाद्यांचं गाणं. त्यात शब्द स्वच्छ कळतात का ते बघा. 'स' आणि 'श' कानात टोचत असतील तर तो हेडफोन नको. दुसरं, तंबोऱ्यावरचं शास्त्रीय. गायक श्वास घ्यायला थांबतो तिथे मागचा तंबोरा सलग ऐकू आला पाहिजे. तिसरं, ज्यात तबला, ढोलकी आहे असं. डग्ग्याचा घुमारा आला पाहिजे, पण तो येऊन लगेच संपलाही पाहिजे. मागे रेंगाळत राहिला तर समजा, पिंप आहे.

हेडफोन किमान दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. साडी घेताना आपण वीस साड्या पसरायला लावतो, तिथे लाजत नाही! कुठे दाबतंय, कुठे गरम होतंय ते दहा मिनिटांत कळतं. नवा हेडफोन थोडा घट्ट असतो आणि वापराने सैल होतो, पण पहिल्याच मिनिटाला कानशिलं दुखली तर सोडून द्या.

'एल' म्हणजे डावा आणि 'आर' म्हणजे उजवा. दोन्हीकडे सारखा आवाज येतोय ना, बघा. एक मात्र सांगते. जुनी रेकॉर्डिंग मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत अगदी तेच ऐकू येतं आणि गाणं डोक्याच्या मधोमध वाजतंय असं वाटतं. गदिमा आणि बाबूजींचं 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली वर्षभर प्रसारित झालं. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात डावं-उजवं शोधायला जाऊ नका. हेडफोनचा दोष नाही तो.

गादी आणि वायर बदलता येते का, हे आवर्जून विचारा. गादीवरचं रेग्झिन घामाने, तेलाने वर्ष-दोन वर्षांत सोलायला लागतं आणि काळे कपचे केसांत, उशीवर पडतात. गादी वेगळी मिळत असेल तर हेडफोन वाचतो. वायर पिनेपाशीच तुटते, ती सुटी असेल तर थोडक्यात काम भागतं.

आणि पावती घ्या, बायांनो, पावती! खोक्यावर छापील किंमत, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला ते आणि ग्राहकसेवेचा नंबर असायलाच हवा. ब्लूटूथवाला असेल तर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर तो क्रमांक टाकून खरा-खोटा पडताळता येतो. तरीही फसवणूक झालीच, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मला तेव्हा माहीत असता तर!

किती पैसे घालायचे?

भाव सतत बदलतात, सणासुदीला उतरतातही. म्हणून ढोबळच सांगते.

हजाराच्या आतबाहेर नावाजलेल्या कंपन्यांचे साधे, वायरवाले, कानावर टेकणारे मिळतात. सोनीचा एमडीआर-झेडएक्स ११० हा त्यातला वर्षानुवर्षं खपलेला. लहान, हलका, घडीचा. रोज अर्धा तास ऐकायला पुरेसा. पण कान दुखण्याची तयारी ठेवा.

दीड-दोन हजारांपासून ब्लूटूथवाले सुरू होतात. यात आपल्या देशी कंपन्यांचेही पुष्कळ आहेत. यांचा कल बेसकडे फार असतो, म्हणून ऐकूनच घ्या. काहींच्या अ‍ॅपमध्ये बेस कमी करायची सोय असते, तीही विचारा.

चार-पाच हजारांच्या आसपास गेलात, तर ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम २०एक्ससारखे स्टुडिओच्या घराण्यातले, कानाभोवती बसणारे हेडफोन येतात. ४७ ओहमचा आहे, मोबाइलवर चालतो. गळा स्वच्छ ऐकू येतो. पण त्याची वायर तीन मीटर लांब आणि न निघणारी! ती गुंडाळून रबर लावून ठेवावी लागते.

मी यातलाच एक घेतला. ओवाळणीत माझे साठवलेले सातशे घातले. घरी किंमत सांगताना थोडं अडखळले, हेही कबूल करते. मग म्हटलं, घरातल्या कुणाच्या बुटांची किंमत मी कधी विचारली होती का?

कान एकदाच मिळतात

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या आतल्या कानात जन्मतः जेमतेम सोळा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरचे केस तरी तेल लावून वाढवायची आशा असते, इथे तीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर सुरक्षित ऐकण्याचं एक मानक काढलं. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत. मुलांसाठी तेवढेच तास, पण ७५ डेसिबल. आवाज दर तीन डेसिबलने वाढला, की वेळ निम्म्याने कमी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ला दहाच. ९० डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास, आणि १००ला वीसेक मिनिटांत कोटा खलास!

डेसिबल मोजायला घरात यंत्र नसतं. म्हणून सोपे नियम. आवाजाची पट्टी ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. हातभर अंतरावरून कुणी बोललं आणि अजिबात कळलं नाही, तर आवाज मोठा आहे. तासाभराने दहा मिनिटं कानांना विश्रांती द्या. काढल्यावर कानात 'कुंई' वाजत राहिलं, तर तो इशारा समजा, आणि तसं वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवण तपासणी करून घ्या. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाजाला कमाल मर्यादा घालायची सोय बऱ्याचदा असते, मुलांच्या फोनवर ती घालाच.

बंद पाठीच्या हेडफोनचा खरा फायदा इथेच आहे. कानात बोंडूक घालून मिक्सर चालू असताना गाणं ऐकतो, तेव्हा आपण नकळत आवाज वाढवतो. बंद वाटीने बाहेरचा गलका आधीच कमी केलेला असतो, त्यामुळे हळू आवाजातही गाणं पुरतं. फायदा अर्थातच तेव्हाच, जेव्हा आपण आवाज खरोखर हळू ठेवतो.

आणि कुठे घालायचा नाही, ते माझ्या दुधाने शिकवलं. गॅस चालू असताना नाही. स्कूटीवर नाही, रस्ता ओलांडताना नाही. घरात एकट्या असाल आणि लहान मूल झोपलं असेल, तर एक वाटी कानामागे सारून ठेवायची. संध्याकाळी एकटीने फिरायला जाताना तर मुळीच नाही.

आणि घरातले?

खरी अडचण हेडफोनची नसते, हे आता माझ्या लक्षात आलंय. बाई घरात असताना तिला हाक ऐकू येत नाही, हेच घराला पटत नाही. घंटागाडी आली, की तिनेच ऐकायचं. कुकरच्या शिट्ट्या तिनेच मोजायच्या. बेल वाजली, उठायचं तिनेच. घराचे सगळे आवाज आपल्या कानांच्या नावावर लिहून दिलेले असतात. आपण अर्धा तास कान झाकले, तर ते आवाज इतर चौघांना पहिल्यांदा ऐकू यायला लागतात. कुरकुर होते ती त्याची.

दूध उतू गेल्यावर दोन दिवस मी हेडफोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दुपारी चार ते साडेचार माझे. गॅस बंद असेल, चहा साडेचारला मिळेल. त्या वेळात बेल वाजली तर जो घरात असेल त्याने उठायचं. अगदीच गरज पडली तर खांद्याला हात लावायचा, हाका मारायच्या नाहीत. हे हसले. लेक म्हणाली, "चालेल की!" सासूबाई काही बोलल्या नाहीत.

पुढचा आठवडा त्या रोज चार वाजता माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसायच्या. बघत राहायच्या. एक दिवस मी हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरला. "बघू," म्हणाल्या. डोक्यावरचा पदर मागे सारून मी तो नीट बसवून दिला, आवाज अगदी कमी केला आणि 'गीतरामायण' लावलं. त्या ते रेडिओवर ऐकत आल्या आहेत, माहेरी, चाळीत, अख्ख्या मजल्याबरोबर.

मिनिटभर काहीच नाही. मग एकदम मोठ्याने म्हणाल्या, हेडफोन घातला की सगळेच मोठ्याने बोलतात, "अगं, श्वास घेतलेला ऐकू येतोय की त्यांचा!"

बेल वाजली. आम्ही दोघीही उठलो नाही. आतल्या खोलीतून सासरे चपला ओढत आले आणि त्यांनी दार उघडलं.

आता चार ते साडेचार माझे आणि साडेचार ते पाच त्यांचे. चहा पाच वाजता होतो.